सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३७ व्हायरस आहेत!

मित्रांनो, घाबरू नका! शीर्षक वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांच्यासाठी हा लेख आहेच, पण ज्यांना हसू आलं त्यांच्यासाठी जास्त आहे. कारण असले मेसेज पाहून हसणारे आपण सगळे इथे हॉस्टेलवर राहतो, आणि घरचा कॉम्प्युटर तिकडे आई-बाबांच्या ताब्यात असतो. आपल्या स्टाफपैकीही अनेकांच्या घरी रिटायर झालेले आई-वडील दुपारभर नेटवर काहीतरी बघत बसलेले असतात. त्यांच्यापर्यंत हा लेख पोचवायचं काम तुमचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'संगणक' लिहायला घेतलं की हात आपोआप 'कॉम्प्युटर' लिहितो. तेव्हा भाषेचं सांभाळून घ्या, मुद्दा तेवढा बघा.

तर विषय आहे बनावट अँटिव्हायरसचा. म्हणजे जो व्हायरस काढतो असं सांगतो, पण स्वतःच चोर असतो.

हे प्रकरण आहे तरी काय?

समजा, बाबा नेटवर एखादी जुनी आरती शोधत आहेत. एका लिंकवर क्लिक करतात आणि अचानक पूर्ण स्क्रीन लाल होते. मोठं उद्गारचिन्ह, कर्कश आवाज, आणि वर एखाद्या ओळखीच्या कंपनीचा लोगो. त्याखाली 'स्कॅन' सुरू होतं. हिरवी पट्टी भराभर पुढे सरकते, फाइलींची नावं पळत जातात आणि शेवटी निकाल येतो: ३७ व्हायरस सापडले, तुमचे बँकेचे पासवर्ड धोक्यात आहेत, ताबडतोब हे बटण दाबा. किंवा आजकाल, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

आता आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तेव्हा थोडं आत शिरून बघू. हे स्कॅन नसतंच. ते चित्र असतं! पट्टी पुढे सरकते ती एका साध्या टायमरवर. फाइलींची नावं आधीच टाइप करून ठेवलेली असतात. ३७ हा आकडाही कोणीतरी आधीच लिहिलेला असतो. सेकंड इयरच्या मुलाला वेब प्रोग्रामिंगचं असाइनमेंट म्हणून दिलं, तर तो एका संध्याकाळी असं पान करून देईल आणि वर मेसमध्ये वेळेवर जेवायलाही जाईल. आमच्या लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर मी स्वतः असं एक पान पाहिलं आहे. ते मोठ्या गंभीरपणे सांगत होतं की 'सी ड्राइव्ह'मध्ये व्हायरस आहेत. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नावाचा प्रकारच नसतो!

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कुठलीही वेबसाइट तुमच्या कॉम्प्युटरच्या आत डोकावून व्हायरस शोधू शकत नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला एका कुंपणात ठेवतो. तुम्ही स्वतः एखादी फाइल निवडून दिल्याशिवाय त्या पानाला तुमच्या फाइली वाचता येत नाहीत. मग जे पान म्हणतं की मी तुमची पूर्ण डिस्क तपासली, ते खोटं बोलतंय. विषय संपला.

'पण त्यांना माझ्या गावाचं नाव कसं कळलं? माझा आयपी ॲड्रेस पण बरोबर दाखवला!' हा प्रश्न आई-बाबा हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. आपण कुठलंही पान उघडलं की त्या साइटला आपला आयपी ॲड्रेस जातोच, नाहीतर ती उत्तर पाठवणार कुठे? त्यावरून गावाचा अंदाज येतो. शिवाय आपण कुठला ब्राउझर वापरतो, विंडोज आहे की आणखी काही, हेही ब्राउझर सांगतो. म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचला, इतकंच. आतलं पत्र त्याने वाचलेलं नाही.

दारातला गारुडी

माझी आजी एक गोष्ट सांगायची. पूर्वी गावात गारुडी यायचा, दारात उभा राहून नाक वर करायचा आणि म्हणायचा, 'बाई, तुमच्या घरात जनावर आहे.' बाई घाबरून त्याला आत घ्यायची. तो अडगळीच्या खोलीत जायचा, बाहीत लपवलेला साप हातात धरून बाहेर यायचा, आणि पैसे, धान्य, वर एखादं जुनं लुगडं घेऊन जायचा.

बनावट अँटिव्हायरस अगदी हेच करतो. वेबसाइट म्हणजे दारातला गारुडी. तो कितीही ओरडला तरी अजून बाहेरच आहे. आपण घाबरून बटण दाबलं, प्रोग्राम डाउनलोड केला आणि विंडोजने विचारल्यावर 'येस' म्हटलं, की आपण त्याला घरात घेतलं. मग मात्र तो साप काढून दाखवतो. हा प्रोग्राम दर दोन मिनिटांनी नवीन व्हायरस 'पकडतो', खरा अँटिव्हायरस बंद पाडतो, टास्क मॅनेजर उघडू देत नाही, आणि म्हणतो की सगळं साफ करायचं असेल तर फुल व्हर्जन विकत घ्या. पैसे भरले की धोक्याचे मेसेज बंद होतात आणि माणसाला वाटतं, चला, औषध लागू पडलं! आजार त्यानेच दिला होता हे लक्षातच येत नाही. शिवाय कार्डाचा नंबर आता त्याच्याकडे राहिला तो राहिलाच.

आणखी एक गंमत. त्या पानावरचं 'कॅन्सल' बटणसुद्धा त्यानेच काढलेलं चित्र असतं. 'ओके' दाबा नाहीतर 'कॅन्सल', दोन्ही रस्ते त्याच्याच घरी जातात. कोपऱ्यातली फुलीही कधीकधी चितारलेली असते. म्हणून त्या चौकटीच्या आत काहीही दाबायचं नाही.

धंदा केवढा मोठा?

मला आधी वाटायचं की हे कुठल्यातरी टपोरी पोरांचं काम असेल. वाचायला लागल्यावर डोळे उघडले. ही रीतसर ऑफिस थाटून चालवलेली कंपनी होती!

२००० च्या दशकात विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्ह क्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांनी बनावट सॉफ्टवेअर विकणारी इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाची एक कंपनी होती. नोंदणी बेलीझ या छोट्या देशात आणि कारभार युक्रेनच्या कीव्ह शहरातून. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात जाऊन त्यांचा धंदा थांबवण्याचा आदेश मिळवला. तोवर दहा लाखांपेक्षा जास्त लोकांनी त्यांचा माल विकत घेतला होता. २०१० मध्ये शिकागोमध्ये आरोपपत्र दाखल झालं, त्यात ६० हून अधिक देशांतल्या लोकांचं १० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाल्याचं म्हटलं होतं. एका प्रॉडक्टची किंमत मात्र साधारण ३० ते ७० डॉलर. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण चोरांनाही लागू पडते.

'मी फालतू साइटवर जातच नाही, मला काय होणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवर असल्या बनावट अँटिव्हायरसची जाहिरात झळकली. एका नामांकित कंपनीचे आहोत असं भासवून त्यांनी जाहिरातीची जागा घेतली होती. पेपर खरा होता, पण त्यातली जाहिरात खोटी होती. तसंच 'मॅकला व्हायरस लागत नाही' म्हणणाऱ्यांना २०११ च्या मे महिन्यात मॅक डिफेंडर नावाचा बनावट अँटिव्हायरस भेटला आणि ॲपलला त्यासाठी खास अपडेट काढावा लागला. आणि मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हा फुकट अँटिव्हायरस काढला, तर काही महिन्यांतच, २०१० च्या फेब्रुवारीत, त्याच नावाचा बनावट जुळा भाऊ बाजारात हजर!

सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट मला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांच्या २०११ मधल्या अभ्यासात सापडली. त्यांना अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरची माहिती मिळाली. तिघांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरहून जास्त. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम शिरला अशा शंभरांतले जेमतेम दोन-अडीच लोक पैसे भरत. म्हणजे ९७ जण हसले किंवा वैतागले तरी यांचं काही बिघडत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्या काही लोकांना ते मुकाट्याने पैसे परतही द्यायचे! का? दया आली म्हणून नव्हे. लोकांनी बँकेकडे फार तक्रारी केल्या तर कार्ड कंपन्या खातं बंद करतात, म्हणून तक्रारींचा आकडा मर्यादेत ठेवायला. यावरून एक कळतं: या चोरांचा जीव तक्रारीत असतो. जो गप्प बसतो त्याच्यावर त्यांचा धंदा चालतो. हे पुढे परत लागणार आहे, लक्षात ठेवा.

खोटे विरुद्ध खरे

आता कोणी म्हणेल, मग सगळेच अँटिव्हायरस थापा आहेत का? मुळीच नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय काटकरांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि १९९० च्या दशकात क्विक हील उभं राहिलं. असं नाव कमवायला वर्षानुवर्षं जातात. बनावटवाले तेच नाव, तोच लोगो एका रात्रीत उचलतात. खऱ्या अँटिव्हायरसने कमावलेला विश्वास हेच त्यांचं भांडवल.

मात्र 'फुकट चेकअप' दिसलं की मोठ्या दुकानातही डोळे उघडे ठेवावेत. अमेरिकेत ऑफिस डेपो ही मोठी दुकानांची साखळी गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरचं 'हेल्थ चेक' करून द्यायची. सुरुवातीला चार प्रश्न: कॉम्प्युटर स्लो झालाय का, व्हायरसचे मेसेज येतात का वगैरे. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार यातल्या एका जरी प्रश्नाला 'हो' म्हटलं की प्रोग्राम व्हायरसची लक्षणं सापडल्याचं सांगायचा. स्कॅनचा त्या निकालाशी संबंधच नव्हता! २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि ते सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

फोनवरचे 'इंजिनिअर'

जून २०११ मध्ये एफबीआयने इतर देशांच्या पोलिसांबरोबर मोठी कारवाई केली. त्यातल्या एकाच टोळीने ९ लाख ६० हजार लोकांना ७ कोटी २० लाख डॉलरला फसवलं होतं. त्यानंतर जुन्या पद्धतीचे बनावट अँटिव्हायरस ओसरले. पण गारुडी गेला नाही, त्याने फक्त वेष बदलला. आता स्क्रीनवर डाउनलोडच्या बटणाऐवजी फोन नंबर येतो. फोन केला की अत्यंत नम्र आवाजात एक 'सर्टिफाइड इंजिनिअर' बोलतो आणि रिमोट ॲप टाकायला लावून आपल्या कॉम्प्युटरचा ताबा घेतो.

मग सुरू होतो प्रयोग. तो विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असते. 'बघा सर, किती एरर्स!' आपण लॅबमध्ये पाहिलंय, ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही ही यादी असतेच. प्रिंटर बंद होता म्हणूनही तिथे नोंद पडते. नंतर तो 'नेटस्टॅट' कमांड देतो आणि 'फॉरेन ॲड्रेस' या कॉलमकडे बोट दाखवतो: 'परदेशी हॅकर्स तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत!' नेटवर्किंगचा पहिला तास बसलेल्यालाही माहीत आहे की तिथे फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे, फक्त समोरच्या टोकाचा पत्ता. पण रिटायर झालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

याच्या आणखी दोन नव्या आवृत्त्या सध्या जोरात आहेत. पहिली, नोटिफिकेशनची. एखादी साइट म्हणते, 'व्हिडिओ बघायचा असेल तर अलाउ दाबा.' दाबलं की त्या साइटला आपल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मेसेज टाकायचा परवाना मिळतो. मग ब्राउझरमध्ये दुसरंच काही बघत असतानाही 'तुमचं अँटिव्हायरस संपलं' असे मेसेज येत राहतात. मोबाइलवरही हेच. दुसरी आवृत्ती ईमेलची: 'तुमचं अँटिव्हायरस रिन्यू झालं, इतके पैसे कापले जातील, नको असेल तर या नंबरवर फोन करा.' बिल खोटं, पण पैसे वाचवायला माणूस स्वतःहून फोन करतो.

तळमजल्यावरचे काका

ही गोष्ट त्यांना विचारूनच लिहिते आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे चोख मोजलेले. मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या दिवाळीत मी फराळाचं ताट द्यायला गेले, तर म्हणाले, 'अगं, तू कॉम्प्युटरचंच शिकतेस ना? जरा बघतेस?'

झालं असं होतं की पावसाळ्यात त्यांच्या स्क्रीनवर असंच लाल पान आलं होतं. त्यांनी नंबर फिरवला आणि तीन वर्षांच्या 'सिक्युरिटी प्लॅन'चे साडेसहा हजार भरले. आता त्याच लोकांचा फोन आला होता की आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत, त्यासाठी हे ॲप टाका आणि बँकेचं पान उघडून ठेवा. काका तयारीतच बसले होते.

मी विचारलं, 'काका, दादाला नाही सांगितलं?'

ते म्हणाले, 'तो ओरडतो गं. मागे माझ्याकडून काहीतरी डिलीट झालं, तर म्हणाला, बाबा, तुम्ही हातच लावत जाऊ नका. म्हटलं, पैसे परत आले की सांगायलाच नको.'

हा रिफंडचा डाव पहिल्यापेक्षा वाईट असतो. कॉम्प्युटरचा ताबा घेतल्यावर ते बँकेच्या पानावरचे आकडे आपल्या डोळ्यांदेखत बदलून दाखवतात. ब्राउझरमध्ये पानाचा मजकूर तात्पुरता बदलता येतो, आपण रूममध्ये मित्रांचे मार्क वाढवून दाखवतो ना, तसंच! मग रडवेल्या आवाजात म्हणतात, 'अहो, चुकून साडेसहाऐवजी पासष्ट हजार गेले, माझी नोकरी जाईल, उरलेले परत पाठवा.' साधा, प्रामाणिक माणूस लगेच पाठवतो. खात्यात खरं तर काही आलेलंच नसतं.

आम्ही आधीचं रिमोट ॲप काढून टाकलं, बँकेत फोन करून कार्ड बंद केलं, माझ्या फोनवरून पासवर्ड बदलले. दादाला फोन मीच लावून दिला आणि बाहेर येऊन बसले.

मित्रांनो, माझा मुद्दा इथे आहे. पहिले साडेसहा हजार भीतीने गेले. पण दुसऱ्या वेळी ते पासष्ट हजारांच्या तोंडाशी गेले, ते लाजेमुळे. मुलाला सांगायची लाज. भीतीवर उपाय सोपा आहे, माहिती द्यायची. लाजेवर उपाय कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. तो आपल्या आवाजात आहे. आई फोनवर म्हणाली, 'कॉम्प्युटरवर काहीतरी आलंय,' तर आपण काय म्हणतो? 'कशाला दाबलंस? किती वेळा सांगितलं!' पुढच्या वेळी ती आपल्याला फोन करत नाही. स्क्रीनवरच्या नंबरला करते. तो माणूस कधीच ओरडत नाही. 'मॅडम, काळजी करू नका,' म्हणतो.

आणि त्या टोकाला कोण?

ही गोष्ट थोडी कडू आहे पण सांगितली पाहिजे. परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना असे फोन करणारी अनेक कॉल सेंटर्स आपल्याच देशात सापडली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली टेक सपोर्टच्या नावाखालची फसवणूक होती. तिथे फोनवर बसणारी मुलं आपल्याच वयाची असतात. 'फ्लुएंट इंग्लिश, नाइट शिफ्ट, टेक सपोर्ट प्रोसेस, भरपूर इन्सेंटिव्ह' अशी जाहिरात दिसली तर नीट चौकशी करा. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचं इंग्रजी तिथे हातोहात खपतं! दुसऱ्याचं नाव घेऊन कॉम्प्युटरच्या मदतीने फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण कायदा राहू द्या. त्या फोनवर पलीकडे कोणाचे तरी काका असतात.

आता कामाचं बोलू

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की अर्धा तास काढा आणि हे करा:

१. घरच्या कॉम्प्युटरवर कुठला अँटिव्हायरस आहे ते बघा आणि त्याचं नाव व संपण्याची तारीख कागदावर लिहून ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट असतोच. दुसरा अँटिव्हायरस खरोखर संपला तरी तो आपोआप जागा होतो. त्यामुळे 'आत्ता पैसे भरा नाहीतर संपलं' अशी वेळ कधीच येत नाही.

२. आई-बाबांसाठी साधं, म्हणजे स्टँडर्ड अकाउंट बनवा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. म्हणजे गारुड्याला घरात यायला तुमची परवानगी लागेल.

३. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स शोधा. ज्या साइटना परवानगी दिली गेली आहे त्यांची यादी दिसेल. नको त्या काढा आणि नवीन साइटना विचारायलाच बंदी करा.

४. विंडोज आणि ब्राउझरचे अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही घरी समजावून सांगा, कारण या खऱ्या बातमीच्या आडून खोटे फोन येऊ शकतात. मायक्रोसॉफ्ट असा फोन स्वतःहून करत नाही. खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

५. हॉस्टेलवरून पेन ड्राइव्हमध्ये भरून नेलेले क्रॅक केलेले गेम्स घरच्या मशीनवर टाकू नका. हे वाचून काही जण माझ्यावर चिडतील, चालेल!

लाल पान आलंच तर? चौकटीत काही दाबू नका. एस्केप की थोडा वेळ दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझर बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून बंद करा. तेही जमत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा, कॉम्प्युटर बंद होईल. परत चालू केल्यावर ब्राउझरने 'जुनी पानं उघडू का?' विचारलं तर 'नको' म्हणा.

प्रोग्राम टाकला गेला असेल तर आधी नेट बंद करा, मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. रिमोट ॲप असेल तर काढून टाका. पैसे गेले असतील किंवा कोणी कॉम्प्युटरचा ताबा घेतला असेल तर लगेच बँकेला फोन, लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन, आणि सरकारच्या नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदला. मेसेज, नंबर, पावत्या डिलीट करू नका, पुरावा लागतो. आणि रक्कम छोटी आहे म्हणून गप्प बसू नका. वर सांगितलंच आहे, यांचा जीव तक्रारीत असतो.

शेवटी खाली एक चिठ्ठी देते आहे. हे पान फाडून घेतलंत तरी एडिटर काही बोलणार नाहीत, मी विचारलंय. स्वतःच्या अक्षरात लिहून घरच्या मॉनिटरवर चिकटवा. चौथी ओळ मनापासून लिहा, आणि फोन आला की तिला जागा.

आई-बाबा,
१. स्क्रीनवर 'व्हायरस सापडला' आलं तर ते चित्र आहे. काही दाबू नका, कुठेही फोन करू नका.
२. आपल्या अँटिव्हायरसचं नाव ........ आहे. तो ........ पर्यंत चालू आहे. बाकी सगळे खोटे.
३. काहीच कळेना तर पॉवरचं बटण दाबून धरा. काही बिघडत नाही.
४. मला फोन करा. रात्री दोन वाजले तरी करा. काहीही झालं असलं तरी मी ओरडणार नाही.